मम्मा इक्वोची कबुली

माझं स्वप्न मी फक्त अरितला सांगितलं होतं. पोटच्या मुलाला, आकानलाही नाही, फक्त अरितला, आणि तेही चर्चच्या नियमाप्रमाणे, शुक्रवारच्या उपासात, तिचे हात हातात धरून. तुम्ही म्हणाल, स्वप्नच ते, सांगितलं तर काय बिघडलं? तुम्ही आमच्या चर्चमध्ये येत नाही म्हणून असं म्हणता.

आमच्याकडे प्रत्येक बाईला प्रार्थनेची एक जोडीदारीण असते. ती पास्टर ठरवून देतात. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळपासून दुपारी तीनपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, दोघींनी मिळून सैतानाशी लढायचं, आणि लढण्याआधी आठवड्यात पडलेली सगळी स्वप्नं एकमेकींपुढे मोकळी करायची. कारण शत्रू येतो तो झोपेतच. माझी आणि अरितची जोडी बारा वर्षांची. ओरोन बंदराच्या बाजारात तिचं कापडाचं दुकान आणि समोर माझी खानावळ. माझा नवरा बोटीवरून परत आला नाही तेव्हा दहा दिवस तिनेच माझी चूल पेटवली, आणि तिच्या मुलीचं लग्न मोडलं तेव्हा ती माझ्याच खांद्यावर रडली. सख्खी बहीण असती तर एवढी जवळ झाली नसती.

स्वप्न अगदी साधं होतं. माझी सून इनेमेसित खानावळीतल्या बाकावर बसली होती. मी तिला सुकट घातलेलं अफांगच्या पाल्याचं कालवण आणि कंद कुटून केलेल्या फुफूचा गोळा वाढला, आणि ती खात होती. बस, एवढंच.

पण स्वप्नात खाल्लेलं अन्न म्हणजे चेटकिणीने भरवलेला घास, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तो घास पोटात जातो आणि पोटात जे असेल ते खातो. इनेमेसितच्या पोटात चौथा महिना होता. आधीची दोन बाळं पाचव्या महिन्यातच गेली होती. आणि वाढणारी कोण, तर मी.

आता मी तीस वर्षं खानावळ चालवते. सकाळपासून बोटीवाले, हमाल, शाळामास्तर ताटली पुढे करून "मम्मा, वाढ! मम्मा, अजून वाढ!" करत असतात. मग मी स्वप्नात दुसरं काय करणार, विमान चालवणार? पण हे शहाणपण आज सुचतंय. त्या शुक्रवारी माझी पाचावर धारण बसली होती. सैतान ओळखीचा चेहरा उसना घेतो असं आम्हाला शिकवलंय. मला वाटलं, त्याने माझा चेहरा उचलला आणि माझ्याच हाताने माझ्या नातवंडाला विष घालायला निघालाय.

"अरित, हे पोटात ठेव हं," मी म्हणाले. "आकानच्या कानावर गेलं तर पोरगा घाबरेल. आणि ती तर आधीच अर्धी झालीय."

"वेडी का खुळी तू?" अरित म्हणाली. "बारा वर्षांत तुझी एक तरी गोष्ट बाहेर गेलीय का? आण ते हात इकडे."

मग आम्ही लढलो. "माझ्या मैत्रिणीचा चेहरा चोरणाऱ्या आत्म्या, मर! मर! मर!" अरित पाय आपटून आपटून ओरडत होती. तिच्या चपलेचा पट्टा तुटला तरी ती थांबली नाही. शेजारचा शिंपी ओरडला, "अहो बायांनो, सैतान मेला असेल आता, माझ्या गिऱ्हाइकांना तरी जगू द्या!" आम्ही दोघी हसलो. माझं मन हलकं झालं. देवाने मला इतकी खरी मैत्रीण दिली म्हणून त्या दिवशी मी आभारही मानले, हे आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

रविवारी मी नेहमीप्रमाणे पहिल्या बाकावर होते. बायकांच्या प्रार्थना-सेनेची प्रमुख होते मी. आमच्या पास्टरचं नाव एकेरेते, पण सगळे त्यांना डॅडी म्हणतात. हे डॅडी माझ्या आकानपेक्षा चारच वर्षांनी मोठे, पण पद पद असतं. प्रवचनाच्या मध्येच ते थांबले, डोळे मिटले, हात वर केला. देवाचा शब्द यायचा तेव्हा ते असंच करत.

"इथे एक बाई आहे," ते म्हणाले. "दिवसा सगळ्या गावाला वाढते. आणि झोपेत आपल्या सुनेला वाढते."

"आमेन!" सगळ्यांच्या आधी मीच ओरडले. सवय, दुसरं काय. वीस वर्षांची सवय. आमेन तोंडातून बाहेर पडलं आणि मग अर्थ डोक्यात शिरला.

सगळं चर्च माझ्याकडे बघत होतं. ओरोनमध्ये खानावळी पुष्कळ आहेत, पण सून गरोदर आणि दोन बाळं गेलेली अशी खानावळवाली एकच. इनेमेसितने दोन्ही हात पोटावर ठेवले आणि ती बाकावर मागे मागे सरकू लागली. आकान पुतळ्यासारखा बसला होता. आणि माझ्या शेजारी अरित मान खाली घालून पिशवीत काहीतरी शोधत होती. ते तिला प्रार्थना संपेपर्यंत सापडलं नाही.

बाहेर पडताच मी तिचा दंड धरला.

"देवाने सांगितलं की तू सांगितलंस?"

"दंड सोड, इक्वो. लोक बघतायत."

"बघू देत! बोल की! पायातली चप्पल तुटेपर्यंत ओरडलीस ना माझ्यासाठी? मग?"

"डॅडींनी सगळ्या जोड्यांना विचारलं गं," ती म्हणाली, आणि तिचे डोळे खरंच भरून आले होते. "ज्या घरात पोटं रिकामी होतायत त्या घरच्या बायकांची स्वप्नं आणून द्या म्हणाले. मी गप्प बसले असते आणि हेही बाळ गेलं असतं, तर ते रक्त माझ्या डोक्यावर आलं असतं. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

मीही तेच केलं असतं, हे मला माहीत होतं. तिने केसाने माझा गळा कापला होता, आणि वर माझ्यासाठीच रडत होती.

मी आणि आकान एकाच अंगणात राहत होतो. पुढच्या दोन खोल्यांत ती दोघं, मागे मी. रोज संध्याकाळी मी त्यांच्याकडे एक डबा पाठवायची. त्या रविवारी डबा परत आला, भरलेलाच. आकान घेऊन आला. तो बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, माणूस कमी बोलणारा.

"तिला वासाने मळमळतंय, मम्मा."

"काल नव्हतं मळमळत."

"आज मळमळतंय."

सोमवारीही परत, मंगळवारीही. खानावळीत हमाल येत राहिले, भुकेला कसली चेटकीण? पण चर्चची माणसं समोरून जायची ती रस्ता ओलांडून. शाळामास्तर तर लांबूनच हात हलवून म्हणाला, "मम्मा, आजकाल मी डाएटवर आहे." पोट बघा त्याचं, डाएटवर म्हणे! मी हसायला गेले आणि मला रडूच फुटलं.

चार आठवड्यांनी इनेमेसितच्या अंगावरून रक्त जायला लागलं. दवाखान्यात डॉक्टरने सांगितलं, झोपून राहा, डोक्याला ताप करून घेऊ नका, झोप महत्त्वाची. पास्टरांनी सांगितलं, भरवणारी जोवर स्वतःच्या तोंडाने कबूल करत नाही तोवर गर्भाची गाठ सुटणार नाही. आता तुम्हीच सांगा, ती पोर झोपणार कशी? मागच्या खोलीत चेटकीण राहतेय म्हटल्यावर कोणाला झोप लागेल? ती उशीला टेकून बसून राहायची, दार लावून, खिडकी लावून, त्या उकाड्यात. मी अंगणात खोकले तरी आतून स्तोत्रं म्हणायचा आवाज वाढायचा. मला तिचा राग यायचा आणि तिची दयाही यायची, आणि माझं नातवंड त्या बंद खोलीत आहे या विचाराने जीव तुटायचा.

मग अरित आली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच माझ्या दारात. हातात केळ्यांचा घड.

"कबूल करून टाक," ती म्हणाली.

"काय कबूल करू? मी काय केलंय?"

"तू जागेपणी काही केलं नाहीस, हे मी कोणालाही शपथेवर सांगेन. पण आंधळ्या चेटकिणीही असतात ना? तूच शिकवायचीस नव्या बायकांना. त्यांना स्वतःलाच माहीत नसतं. झोपेत तुझा आत्मा उठून कुठे जातो ते तुला काय ठाऊक?"

नाही म्हणावं, तर आंधळी. हो म्हणावं, तर डोळस. आणि हे सापळे मीच विणायला शिकवले होते. तीन वर्षांपूर्वी पलीकडच्या गल्लीतल्या न्कोयो म्हातारीला मधे बसवून आम्ही "बोल! बोल!" करत होतो, तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. म्हातारी पुन्हापुन्हा म्हणत होती, मला नाही गं आठवत काही. मी म्हणाले होते, आंधळी आहे ही.

"कबूल केलंस की तेल लावतील, डोक्यावर हात ठेवतील, संपलं," अरित म्हणाली. "डॅडींनी मला स्वतः सांगितलंय. शुद्ध झालीस की बाळ पहिल्यांदा तुझ्याच मांडीवर देणार. आजी आहेस तू. कोण नाही म्हणेल?"

"खरं सांगतेस?"

"मी तुझ्याशी खोटं बोलेन?"

आकान दारात उभा होता. कधी आला ते कळलं नाही. हाताला ग्रीस, टोपी काढून मुठीत चुरगळलेली.

"तू काय म्हणतोस?" मी विचारलं.

"मी काही सांगत नाही, मम्मा. पण ती सहा दिवस झोपली नाहीये."

"तुला काय वाटतं ते विचारतेय मी."

"मला काय वाटतं त्याला काय किंमत आहे?" तो म्हणाला, आणि जमिनीकडे बघत राहिला. मला वाटलं, पोराला लाज वाटतेय की आपण आईबद्दल असा विचार करतो. मी त्याला मनातल्या मनात माफ केलं. म्हटलं, बाळ येऊ दे सुखरूप. मग सगळं आपोआप साफ होईल.

रविवारी मी माइकसमोर उभी राहिले. ठरवून गेले होते की स्वप्नापुरतंच बोलायचं. मी वाढलं, ती जेवली, माझा आत्मा भरकटला असेल, मला क्षमा करा. तेवढं म्हटलं आणि माइक परत द्यायला लागले.

डॅडींनी घेतला नाही. "अर्धी कबुली सैतानाची असते, मम्मा," ते हळूच म्हणाले, अगदी मुलाने आईला म्हणावं तसं. "आधीची दोन?"

मला कळलंच नाही. "कुठली दोन?"

"आधीचे दोन गर्भ. ते कोणी खाल्ले?"

ते दोघं माझेही होते हो. पहिल्या वेळी मी तीन झबली शिवून ठेवली होती. दुसऱ्या वेळी दवाखान्यातून ते कपड्यात गुंडाळलेलं इवलंसं माझ्याच हातात दिलं होतं, कारण आकानला धरवेना. मी डॅडींकडे पाहिलं, मग अरितकडे. अरित पहिल्या बाकावर माझ्या जागेवर बसून मला मान हलवून खुणावत होती, म्हण, म्हण, म्हणून टाक. लोक उभे राहिले होते. "बोल! बोल! बोल!" मला वाटलं, इतकं केलं, आता एका शब्दासाठी बाळ कशाला घालवायचं?

"मी," मी म्हणाले. "दोन्ही मीच."

इनेमेसित जी किंचाळली ती अजून माझ्या कानात आहे. माझ्या डोक्यावर बाटलीभर तेल ओतलं, ते डोळ्यांत गेलं, आणि मला पुढचं काही दिसलं नाही. ढोल वाजत होते, लोक नाचत होते. शुद्ध झालेल्या माणसाला सगळे मिठी मारतात अशी आमच्याकडे रीत आहे. मी डोळे पुसत हात पसरून उभी होते. कोणी आलं नाही.

त्याच आठवड्यात आकानने सामान हलवलं. बंदराच्या टोकाला खोली घेतली. "बाळंतपणापर्यंतच, मम्मा. डॅडी म्हणाले, जखम ओली आहे." शुक्रवारी बायकांच्या प्रार्थना-सेनेची प्रमुख म्हणून अरितचं नाव जाहीर झालं. मला शेवटचा बाक मिळाला. मी तोही आनंदाने घेतला. बाळ माझ्या मांडीवर देणार होते ना!

पाचवा महिना गेला, सहावा गेला. इनेमेसित बाजारात दिसायची, गाल भरलेले, चाल जड. मी दिवस मोजत होते. झबली पुन्हा काढून उन्हात घातली.

बाळ झाल्याचं मला एका बोटीवाल्याने सांगितलं, ताटलीतला गारीचा गोळा मळता मळता. "मम्मा, अभिनंदन! मुलगी झाली ना? आकानने सगळ्या धक्क्याला थंडा पाजला काल. तू का नव्हतीस?" मी म्हणाले, गुडघे दुखत होते रे.

अर्पणाच्या रविवारी बाळाला वेदीपाशी नेतात. नेतं कोण, तर आजी. मी नवं लुगडं गुंडाळलं, डोक्याला कडक कापड बांधलं, आणि शेवटच्या बाकाच्या कडेला बसले, म्हणजे बोलावल्यावर पटकन उठता येईल. डॅडींनी नाव पुकारलं. अरित उठली. माझं नातवंड अरितच्या हातात होतं.

"बघा!" डॅडी म्हणाले. "शत्रू पकडला गेला, म्हणून हे बाळ जिवंत आहे. कबुली खोटी असती तर हे फळ आलं असतं का?"

चर्च दुमदुमलं. आणि माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. बाळ मेलं असतं तर मी चेटकीण होते. बाळ जगलं, म्हणजे मी पकडली गेलेली चेटकीण. त्या पोरीची एकेक किलो वाढ माझ्याविरुद्धचा पुरावा होणार होती. आणि तिने खूप वाढावं, धट्टीकट्टी व्हावं, अशीच मी रोज प्रार्थना करत होते.

सोमवारी दुपारी मी खानावळ बंद केली आणि बंदराच्या टोकाला गेले. आकान दाराबाहेर इंजिन उघडून बसला होता. मला पाहून उठला. आत ये म्हणाला नाही, की जा म्हणाला नाही. नुसता मध्ये उभा राहिला.

"आकान, मी खोटं बोलले," मी म्हणाले. "माइकवर. सगळं खोटं. स्वप्न सोडून एक शब्द खरा नाही. मी कोणाला खाल्लं नाही."

त्याने चिंधीला हात पुसले. एकेक बोट पुसलं.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तू काही केलं नाहीस ते. तुझ्या हातचं खाऊन एवढा झालो मी. मी काय खुळा आहे का, मम्मा?"

"आता कळलं तुला?"

"तेव्हाही माहीत होतं."

मी इंजिनाच्या खोक्यावर बसले. "मग बोलला का नाहीस?"

"बोलून काय झालं असतं? डॅडींपुढे माझं कोण ऐकतंय? आणि ती झोपत नव्हती. डॉक्टरने सांगितलं होतं, झोपली नाही तर हेही जाईल. तू कबूल केलंस त्या दिवशी ती घरी आली आणि चौदा तास झोपली. चौदा तास, मम्मा. मी तिच्या नाकाशी बोट धरून बघत होतो, श्वास चालू आहे ना म्हणून."

"बरं. झोपली, बाळ आलं. देवाची कृपा. आता सांग तिला."

"आता सांगितलं तर ती विचारेल, मग ती दोन कोणी नेली? पुन्हा शोधायला लागेल. पुन्हा दारं लावेल. आता तिला माहीत आहे की कोण होतं ते, आणि ते आता बांधलं गेलंय. ती रात्री दिवा मालवून झोपते. दूध येतंय तिला." तो माझ्याकडे न बघता बोलत होता, इंजिनाकडे बघून. "तू अशीच राहा, मम्मा. थोडे दिवस. तुला तरी काय फरक पडतो, तुला खरं माहीतच आहे."

"अशीच म्हणजे कशी?" मी विचारलं. मला तो शब्द त्याच्या तोंडून ऐकायचा होता. "सांग ना. अशीच म्हणजे काय राहू?"

तो शब्द त्याला उच्चारता आला नाही. आत बाळ रडायला लागलं. पहिल्यांदाच मी तिचा आवाज इतक्या जवळून ऐकला. तो आत वळला, आणि दार लावता लावता म्हणाला, "उन्हात बसू नकोस, मम्मा. पाणी हवंय का?"

मी परत बाजारात आले आणि चूल पेटवली. गिऱ्हाईक थांबलं होतं.

अरितला मी क्षमा करू शकेन, कधीतरी. तिला माझ्यात खरंच काहीतरी दिसलं आणि ती घाबरली. इनेमेसितने दोन पोरं गमावली होती, तिला कोणाच्या तरी अंगावर ते टाकायचं होतं. डॅडींचं डॅडी आणि देव बघून घेतील. ह्या सगळ्यांना ते खरं वाटत होतं, आणि मलाही आयुष्यभर असलंच खरं वाटत आलं. पण त्या भरल्या चर्चमध्ये एका माणसाला ठाऊक होतं की मी निर्दोष आहे, आणि तो माझा मुलगा होता. त्याचं काय करू?

मी अजून दर रविवारी जाते. लोक सरकून बसतात, माझ्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी असते. कधी कधी डॅडी नव्या लोकांना माझ्याकडे बोट दाखवून सांगतात की देवाने किती मोठी सुटका केली, आणि मी उभी राहते आणि मान डोलावते. तिथून, शेवटच्या बाकावरून, आकानच्या खांद्यावर टेकलेलं बाळाचं डोकं दिसतं. आता केसही चांगले दाट आले आहेत.